जुन्या इमारती उभ्या आहेत म्हणे. पडलेल्यांचे फोटो कोण काढणार?

एखादी नवी इमारत कोसळली की तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. वर शेकडो वर्षांचा घुमट, खाली तडे गेलेली आजची बिल्डिंग, आणि मजकूर असा: पूर्वीचे कारागीर पिढ्यांसाठी बांधत, आताचे कंत्राटदार बिल निघेपर्यंत. पुरावा काय, तर जुनं अजून उभं आहे. वाचायला झकास, पण हिशेब चुकलाय.

‘जुनं सगळं उभं आहे’ इथपासूनच घोळ सुरू होतो. जे पडलं ते दिसत नाही, एवढंच. १६६६च्या आगीत लंडनमधली सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळाली. घरं बहुतेक लाकडी, एकमेकांना खेटून. पुढच्याच वर्षी वीट-दगडातच बांधायचं असा कायदा करावा लागला. आज तिथल्या सेंट पॉल कॅथेड्रल या मोठ्या चर्चच्या घुमटाकडे मान वर करून ‘काय बांधायचे लोक!’ म्हणतो आपण. तो घुमटसुद्धा जळालेल्या जुन्या चर्चच्या जागेवर उभा आहे.

पुढचा दावा, तेव्हा कामात चलाखी नव्हती. बरं. इ.स. २७मध्ये रोमजवळच्या फिडेनीत आटिलियस नावाच्या माणसानं ग्लॅडिएटरांच्या खेळांसाठी लाकडी प्रेक्षागृह उभारलं. पायाखालची जमीन भुसभुशीत, सांगाड्याचे जोड कच्चे, डोळा निव्वळ नफ्यावर. गच्च भरलेलं प्रेक्षागृह खाली आलं. मेलेल्या-जखमी झालेल्यांचा आकडा इतिहासकार टॅसिटस ५०,००० देतो, फुगवला असेलही. मग सिनेटनं फर्मान काढलं: चार लाख सेस्टर्सची (रोमन नाण्यांची) मालमत्ता नसेल त्यानं खेळ भरवायचे नाहीत आणि जमिनीची खात्री केल्याशिवाय प्रेक्षागृह बांधायचं नाही. दुर्घटना आधी, नियम नंतर. ओळखीचं वाटतंय ना?

बरं, देवाच्या कामात तरी? फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलचं छत ४८ मीटरवर नेलं. १२७२मध्ये पुरं झालं, १२८४मध्ये त्यातला काही भाग कोसळला. पुढे १५६९मध्ये दीडशे मीटरहून उंच मनोरा चढवला, तो १५७३मध्ये पडला. चार वर्षं! हमीची मुदत म्हणूनसुद्धा कमीच. कॅथेड्रल आजही अर्धवट आहे.

जुन्या चुन्यासारखं आजचं सिमेंट-काँक्रीट टिकत नाही, असंही म्हणतात. या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, ते नाकारत नाही. छताचा पोपडा पडून आतली तांबूस सळई उघडी पडलेली सगळ्यांनी पाहिलीय. पाणी मुरतं, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटतं. रोमच्या पँथिऑन या प्राचीन देवळाच्या ४३ मीटर रुंद काँक्रीटच्या घुमटात सळईच नाही, त्यामुळे गंजायला काही नाही. पण त्यासाठी घुमटच बांधावा लागतो, आणि त्याचा भार पेलायला सुमारे सहा मीटर जाडीची भिंत. त्या जाडीत आपली आख्खी खोली मावेल. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. सपाट स्लॅब आणि बाहेर काढलेली बाल्कनी हवी असेल तर सळई आलीच.

‘देखभाल लागायची नाही’ हे तर साफ खोटं. मालीमधल्या जेन्नेची मातीची मशीद टिकून आहे, कारण अख्खं गाव दरवर्षी तिला नव्यानं लिंपतं. पँथिऑनचंही ६०९मध्ये चर्च झालं, म्हणून ते वापरात राहिलं.

आणि भक्कम असलं म्हणजे राहतंच असंही नाही. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन १९१०चं, ग्रॅनाइटचं. ते पडलं नाही, १९६३पासून पाडलं. जागेला भाव आला होता.

व्हेनिसचा घंटामनोरा अशा यादीत हमखास सापडतो. ‘बघा, अजून ताठ उभा!’ तो १४ जुलै १९०२ला सकाळी भुईसपाट झाला होता. आजचा मनोरा १९१२चा आहे. आत लिफ्ट आहे.