विषय संपला म्हणे

आज सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. सकाळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बातमी वाचली. केंटकीत समलिंगी जोडप्यांना लग्नाचे परवाने नाकारणाऱ्या, तेव्हाच्या काउंटी क्लार्क किम डेव्हिसबाईंची याचिका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कारणबिरण न देता फेटाळली. समलिंगी लग्नाला देशभर मान्यता देणारा २०१५ चा निकालच उलटवा, अशी बाईंची मागणी होती. मी हुश्श केलं. दहा मिनिटांत आमच्या इथल्या, डॅलसच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज: "चला, विषय संपला. सगळं मिळालं ना? आता तरी या लोकांनी रोजचं रडगाणं बंद करावं."

काका, तुम्ही फेसबुकवर आहात, हे वाचालच. परवा शनिवारी दिवाळीच्या कार्यक्रमात तुमच्याच शेजारी बसून चकल्या खाल्ल्या, म्हणून ग्रुपवर गप्प बसले. इथे नाही बसणार.

मी एक पत्र लिहिलं होतं, त्याची गोष्ट सांगते.

माझी एक मैत्रीण आहे. मूळची सांगलीची, आता इथे डॅलसजवळच, माझ्यापासून वीस मिनिटांवर. (तिला विचारून लिहितेय. नाव घालू नकोस म्हणाली.) तिची बायको ओक्लाहोमाची. २०१६ साली दोघींनी रीतसर लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगी झाली. पोटात वाढवली बायकोने, पण रात्री दोन-दोन वाजता खांद्यावर घेऊन फिरवली माझ्या मैत्रिणीने. जन्मदाखल्यावर दोघींची नावं. झालं की नाही सगळं? मिळालं ना?

वकीलबाई म्हणाल्या, नाही झालं. जन्मदाखला ही नुसती सरकारी नोंद आहे, कोर्टाचा हुकूम नव्हे. कोणी आव्हान दिलं तर टिकेलच असं नाही. तेव्हा तुम्ही मुलीला दत्तक घ्या.

कुणाला? स्वतःच्या मुलीला!

मग बोटांचे ठसे. पोलिसांकडून चारित्र्याची तपासणी. एक समाजसेविका घर बघायला आली. धुराचे अलार्म मोजले, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का पाहिलं, आणि देव्हाऱ्यासमोर येऊन थबकली. हा दिवा किती वेळ जळतो? मुलीचा हात पोचतो का? मैत्रिणीने त्या दिवसापासून समई फ्रीजवर चढवली. नंतर आम्ही त्यावर खूप हसलो. तेव्हा कोणी हसत नव्हतं.

आणि ओळखीच्या लोकांची पत्रं लागणार होती. ही बाई आई व्हायला लायक आहे, अशी. त्यातलं एक माझं.

चार वेळा लिहिलं मी ते. एरवी ऑफिसात दिवसाला पन्नास ईमेल लिहिते, पण हे काही जमेना. तिसऱ्या वेळी मी लिहिलं की ती या मुलीची आई आहेच, जन्मल्या दिवसापासून आहे. वकीलबाईंनी नेमकं तेच वाक्य खोडलं. म्हणाल्या, ती आधीच आई असेल तर कोर्ट विचारेल, दत्तक कशाला घेताय? "ती चांगली आई होईल" असं लिहा.

होईल! मुलगी तेव्हा नऊ महिन्यांची होती.

खरं सांगते, मला तेव्हा वकीलबाई जरा घाबरट वाटल्या होत्या. फी उकळतात, असंही मनात आलं. मग २०२३ साली ओक्लाहोमात एका न्यायाधीशाने नेमकं हेच ठरवलं. दोघी लग्न झालेल्या, दाखल्यावर दोघींची नावं, पण जिने जन्म दिला नव्हता तिने दत्तक घेतलं नाही म्हणून ती आई नाही. त्या आधी अलाबामाच्या कोर्टाने तर जॉर्जियात रीतसर झालेलं दत्तकपत्रसुद्धा मानायला नकार दिला होता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं, म्हणून आज त्या कागदाला सगळ्या राज्यांत किंमत आहे. वकीलबाई, मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, माफ करा.

हा सगळा खटाटोप मुळात सुरू कुठून झाला, तेही ऐका. जिम ओबरगेफेल नावाचा ओहायोचा माणूस. जोडीदार असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेला, आणि ओहायोत लग्नाची सोय नाही. २०१३ मध्ये विमान करून ते मेरीलँडला गेले, बाल्टिमोरच्या विमानतळावर उतरले आणि त्या विमानातच लग्न लावलं. तीन महिन्यांनी जोडीदार गेला. भांडण कशासाठी होतं? मृत्यूच्या दाखल्यावर "पती" म्हणून आपलं नाव लागावं, एवढ्यासाठी. २६ जून २०१५ ला पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. एका मताचा फरक, काका. एका!

त्याच उन्हाळ्यात डेव्हिसबाई परवाने देणाऱ्या खिडकीत बसून म्हणाल्या की मी देवाच्या अधिकाराने नकार देतेय. पगार मात्र काउंटीचा. पाच दिवस तुरुंगात बसल्या आणि तिकडे वीरांगना ठरल्या. लग्नाचं पावित्र्य जपणाऱ्या या बाईंची स्वतःची लग्नं चार. (हे लिहायला नको होतं बहुतेक. लिहिलंय, राहू दे.) आता नुकसानभरपाई आणि वकिलांची फी मिळून साडेतीन लाख डॉलरच्या वर बोजा आहे त्यांच्यावर.

त्या हरल्या म्हणून विषय संपला? याच जूनमध्ये सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं अधिवेशन इथे डॅलसमध्ये भरलं आणि त्यांनी ठराव केला की २०१५ चा निकाल उलटवला पाहिजे. गेल्याच महिन्यात आमच्या टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांच्या आचारसंहितेत टीप घातली, की मनापासूनच्या धार्मिक श्रद्धेमुळे कोणी लग्न लावायला नकार दिला तर तो नियमभंग नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती थॉमस यांनी तर २०२२ मध्येच लिहून ठेवलंय की २०१५ चा निकाल पुन्हा तपासावा. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा केला खरा, पण त्यात इतर राज्यांत झालेलं लग्न मानावं लागेल एवढंच आहे. आपल्या राज्यात लग्न लावून द्याच, असं त्यात नाही. उद्या निकाल गेला तर इथल्या पोरींनी विमानं करायची का?

आता तुम्ही म्हणाल, देवळाने, चर्चने काय करावं हे तू कोण सांगणार? बरोबर आहे. नाही सांगणार. बारशाला आम्ही एका गुरुजींना फोन केला होता. त्यांनी वडिलांचं गोत्र विचारलं. दोन आया आहेत म्हटल्यावर म्हणाले, शास्त्रात बसत नाही, माफ करा. हक्क आहे त्यांचा. मला राग आला, अजून आहे, पण हक्क आहे. शेवटी कोण कुणाची बहीण हा हिशोब न करता मीच आत्या झाले, "कुर्रर्र" केलं, कानात नाव सांगितलं. पोरगी रडली नाही. गुरुजींना आपल्या श्रद्धेसाठी पत्र आणावं लागलं नाही. मला मात्र पत्र लिहावं लागलं. माझं दुखणं तेवढंच आहे.

हे लिहिता लिहिता मुलीचे आजोबा आठवले. बायकोचे वडील. पक्के बॅप्टिस्ट, लग्नाला आले नव्हते. दत्तकाच्या सुनावणीला मात्र तीन तास गाडी चालवत आले, रविवारचा कोट घालून मागच्या बाकावर बसले. न्यायाधीशबाईंनी मुलीला एक टेडी दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आजोबांनी नाही. बाहेर पार्किंगमध्ये मैत्रिणीला म्हणाले, या कागदांची एक कॉपी मला दे. माझ्याकडे असताना पोरीला काही झालं आणि हॉस्पिटलवाल्यांनी तुला अडवलं तर?

त्यांच्या बंदुकीच्या तिजोरीत ठेवलीय ती कॉपी. माझ्या पत्रासकट.

जूनमधल्या त्या ठरावावर त्यांनी "आमेन" म्हटलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही. ते तसंच मत देत आलेत आणि तसंच देतील. या माणसावर चिडायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्यावर चिडणं सोपं आहे, काका. तुम्ही कुठलीच कॉपी मागितली नाहीत.

आणि ते "आपल्याकडे बरं आहे, असली थेरं नाहीत" हे शनिवारी ऐकलं मी. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की समलिंगी लग्नाचा हक्क आम्ही देऊ शकत नाही, संसदेने बघावं. जमियत उलेमा-ए-हिंद कोर्टात विरोधात उभी होती, आणि निकालाचं स्वागत विश्व हिंदू परिषदेने केलं. एरवी एका पंगतीला न बसणारे लोक. मैत्रिणीची आई सांगलीत शेजाऱ्यांना अजून "रूममेट" सांगते. नातीचे फोटो मात्र सगळ्यांना दाखवते. रूममेटच्या मुलीचे!

चिडून लिहायला बसले होते, आता नुसतं थकल्यासारखं झालंय. मघाशी मैत्रिणीला बातमी पाठवली होती. मला वाटलं, नाचेल. तिचं उत्तर आत्ता आलं: "वाचलं. बरं झालं. ऐक ना, थँक्सगिव्हिंगला ओक्लाहोमाला आजोबांकडे चाललोय, चार दिवस. तुळशीला पाणी घालशील का? किल्ली नेहमीच्या जागी. दत्तकाची फाईल शोधू नकोस, गाडीत ठेवलीय."