टॉवेल धुणारीला आधी विचारा

मागच्या सोमवारी सोलापुरातल्या आमच्या टॉवेलच्या दुकानात एक अक्का आल्या. बिडीचं काम करतात, कारखान्यात माल देऊन परत निघाल्या होत्या. मी त्यांच्यापुढं आमचा सगळ्यात भारी टॉवेल ठेवला. जाड, मऊ, शुद्ध सुती, वर 'पर्यावरणपूरक' अशी चिठ्ठी. चिठ्ठीकडं त्यांनी बघितलंच नाही. टॉवेलचा एक फास दोन बोटांत धरून ओढला, किनार उलटी करून शिवण बघितली, मग तो मनगटावर टाकून वजन घेतलं. म्हणाल्या, "भिजल्यावर ह्यो पिळायचा कसा ओ ताई? आमच्यात पाणी चार-पाच दिसाला येतंय." आणि शेजारचा पातळ टॉवेल घेऊन गेल्या.

रात्री हिशोब मांडला. तीस बाय साठ इंची टॉवेल ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा, असेल तर साधारण ५८० ग्रॅम भरतो, ३०० जीएसएमचा ३५० ग्रॅम. मापाला दोन्ही सारखेच, पण सव्वादोनशे ग्रॅमच्या वर सूत जास्त. तेवढा कापूस जास्त, रंगाईला पाणी जास्त, आणि घरी गेल्यावर तो दर वेळी भिजवून पिळायचं ओझं जास्त. 'पर्यावरणपूरक' ही चिठ्ठी मी जाड टॉवेलवर लावली होती, कारण त्यात पैसे सुटतात. ती पातळ टॉवेलवर हवी होती. अक्कांना ते एका मिनिटात कळलं, मला इतकी वर्षं धंद्यात काढून नाही कळलं, याचं फार वाईट वाटलं.

पर्यावरणपूरक मालाचा धंदा करणारे आम्ही सगळे एक वाक्य हमखास बोलतो: बायका पर्यावरणाबद्दल जास्त जागरूक असतात, म्हणून जाहिरात त्यांच्यासाठी करा. जागरूक असतात, खरं आहे. पण त्या जागरूकतेचं आम्ही काय करतो? ओला कचरा वेगळा करा, कापडी पिशव्या धुवा, डबे घासून परत द्या. वस्तू आम्ही विकतो आणि तिच्यामागचं काम बाईच्या दिवसात ढकलून देतो. त्या कामाची किंमत कुठल्याच बिलावर नसते.

कापडी पॅडचंच घ्या. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये गेला, चांगलं झालं. पण त्यात प्लॅस्टिक असतं म्हणून धुवून वापरायचे पॅड घ्या, असं आपण पोरींना सांगतो. ते धुवायला पाणी भरपूर लागतं आणि वाळायला कडक ऊन. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथं तिनं ते वाळत कुठं घालायचे? आधी पाणी आणि आडोसा, मग उपदेश. यावर माझं मत पक्कं आहे.

आता पुरुषांकडं येते. तागे कापताना उरलेल्या कापडाच्या आम्ही पिशव्या शिवतो. २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून बऱ्या खपतात, पण घेणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. ओळखीचे एक काका रोज लक्ष्मी मंडईतून भाजी आणतात, कॅरीबॅगमध्ये. एकदा पिशवी पुढं केली तर म्हणाले, "बाईमाणसासारखं पिशवी घेऊन कुठं फिरू?" हे सोलापुरातच आहे असं नाही. २०१६ साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये अमेरिका आणि चीनमधल्या दोन हजारांवर लोकांवरचा अभ्यास आला. पर्यावरण जपणारी वागणूक 'बायकी' वाटते, पुरुषांना आणि बायकांनाही, असं त्यात दिसलं. वस्तूचं रूप मर्दानी केलं की पुरुष ती घेतात, हेही.

मी तेही केलं. खाकी रंग, लांब पट्टा, स्कूटीच्या डिकीत बसेल अशी घडी. खपल्या. पण मन लागत नाही त्यात. पुरुषाला पिशवी उचलायला तिचा रंग बदलावा लागतो आणि बाईनं मात्र कुठल्याही रंगाची उचलायची, हे मला पटत नाही.

शिवाय मोठे खर्च पिशवीत नसतातच. स्वीडनमधल्या २०२१ च्या एका अभ्यासात एकट्या राहणाऱ्या पुरुषांचा खर्च बायकांपेक्षा जेमतेम दोन टक्के जास्त होता, पण त्या खर्चातून होणारं कार्बन उत्सर्जन सोळा टक्के जास्त. मुख्य कारण गाडीचं इंधन. आपल्याकडं गाडी कुठली घ्यायची, एसी घ्यायचा का, बोअर मारायची का, हे बहुतेक घरांत कोण ठरवतं? आणि पिशवी विसरली म्हणून बोलणी कोण खातं?

सोलापूरच्या टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते विणणाऱ्या पेठांत मी वाढले, मला त्याचा अभिमान आहे. म्हणून आपल्या गावच्या धंदेवाल्या भावा-बहिणींना विनंती: नवा माल काढायच्या आधी तो एक महिना घरी वापरा, आणि धुणं तुम्ही स्वतः धुवा. बादल्या मोजा.

आमच्या टॉवेलवरची जुनी चिठ्ठी मी काढली. नव्या चिठ्ठीवर तीन ओळी येतील: कोरडं वजन, पिळल्यावरचं वजन, आणि दोरीवर वाळायला लागणारा वेळ, उन्हाळ्यातला वेगळा, पावसाळ्यातला वेगळा. पावसाळ्यातला आकडा अजून घ्यायचाय. त्यासाठी दहा घरं हवी आहेत, टॉवेल मी देते. अट एवढीच की धुणाऱ्यानं स्वतः लिहून ठेवायचं. घरातले पुरुष धुणार असतील तर त्यांनीही यावं, त्यांचे आकडे मला खरंच हवे आहेत.