दुर्मीळ सालांची ग्रेड खरंच सर्वांत भरवशाची?

अमेरिकी नाणी जमवणाऱ्यांत एक दावा सतत फिरतो: ‘साल जितकं दुर्मीळ, तितकी तपासणी कडक. म्हणून दुर्मीळ सालांचं ग्रेडिंग सर्वांत एकसारखं असतं.’ (ग्रेडिंग म्हणजे नाण्याच्या स्थितीला १ ते ७० मधला आकडा, म्हणजे ग्रेड, देणं.) दाव्यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. त्यातून दुसरं मात्र निघत नाही.

कडक तपासणी होते ती मुख्यतः नाणं अस्सल आहे का, याची. १८९३-एस मॉर्गन डॉलर हे चांदीचं नाणं बघा; ‘एस’ ही सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण. एक लाखच पाडले गेले आणि चलनातले सगळे एकाच दर्शनी साच्यातून निघाले. त्यामुळे ‘लिबर्टी’ शब्दातल्या टीच्या माथ्यावर साच्यातली बारीक तिरकी रेघ उठलेली असते. चांगल्या स्थितीतल्या नाण्यावर ती नसेल, तर दुसऱ्या डॉलरवर ‘एस’ चिकटवल्याचा किंवा साल बदलल्याचा दाट संशय येतो. इथे हो किंवा नाही असं उत्तर मिळतं, आणि या कामासाठी पीसीजीएस, एनजीसी या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या कंपन्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

ग्रेडचं तसं नाही. ६३ की ६४, हा ओरखडे, चकाकी आणि ठशाचा जोर एकत्र धरून दिलेला अभिप्राय असतो. १९२६-डी बफेलो निकेल या डेन्व्हर टांकसाळीतल्या पाच सेंटच्या नाण्याचा ठसा कमजोर म्हणूनच ओळखला जातो. गव्याचं शिंग पुसट दिसतं ते झिजल्यामुळे की मुळात उठलंच नाही म्हणून? दोन जाणकारांचं यावर प्रामाणिक दुमत होऊ शकतं. त्यात साल दुर्मीळ, म्हणजे शेजारी ठेवून ताडून पाहायला नाणीही थोडी.

‘७० पर्यंतची पट्टी आहे, म्हणजे मोजमापच,’ असंही म्हणतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ही पट्टी मांडली ती लार्ज सेंट या जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठी, आणि आकडे बेतले होते तेव्हाच्या बाजारभावावर. ती मोजमाप नव्हे, हे कळायला एवढंच पुरे.

खरी मेख आहे तेच नाणं ग्रेडिंगला पुन्हा पाठवण्यात. सामान्य सालात एका ग्रेडने भावात फारसा फरक पडत नाही, म्हणून स्लॅब, म्हणजे ग्रेड झालेलं नाणं ज्यात बंद असतं ती प्लास्टिकची डबी, फोडायच्या भानगडीत कोणी पडत नाही. दुर्मीळ सालात एका अंकावर हजारो डॉलर अडलेले असतात. मालक स्लॅब फोडतो, नाणं पुन्हा पाठवतो, ग्रेड वाढेपर्यंत पाठवत राहतो. वाढली की थांबतो. कमी पडलेली ग्रेड अशी सुधारून घेतली जाते, चढी मिळालेली ग्रेड मात्र कोणी आपणहून उतरवून घेत नाही. तपासणारे कितीही प्रामाणिक असले, तरी बाजारातले आकडे या रेट्याने वरच सरकणार. तपासणीची कडकाई इथे कामाला येत नाही.

‘पॉप्युलेशन रिपोर्ट बघा’, म्हणजे कोणत्या ग्रेडची किती नाणी झाली याची कंपन्यांची यादी बघा, हा युक्तिवादही टिकत नाही. फोडलेल्या स्लॅबमधली जुनी ग्रेडची चिठ्ठी कंपनीला परत पाठवली नाही, तर एकच नाणं त्यात दोनदा, तीनदा मोजलं जातं. शिवाय २००७ पासून सीएसी ही आणखी एक कंपनी आधीच ग्रेड झालेली नाणी पुन्हा पाहतं आणि आपल्या कसोटीला उतरलेल्यांनाच स्टिकर लावतं. एकाच सालाच्या, एकाच ग्रेडच्या दोन नाण्यांत स्टिकर असलेलं बहुधा जास्त भावाने विकलं जातं.