आधीचे चार

माझा उजवा कल्ला डाव्यापेक्षा अर्धा इंच वर आहे. चष्म्याची काडी कितीही दाबली तरी ते झाकलं जात नाही. सोमवारी ऑफिसात तिघांनी विचारलं. चौथ्याने विचारलं नाही, नुसती मान तिरकी करून बघितलं आणि चहाला निघून गेला. या सगळ्याच्या मुळाशी मायकल जॅक्सन आहे. सलूनवाल्याला मी माफ केलंय, कारण आमच्या भागातला दुसरा सलूनवाला तिप्पट पैसे घेतो आणि वर 'सर, स्काल्प फार ड्राय आहे' असं ऐकवतो.

रविवारची सकाळ, डोंबिवली पूर्व. गळ्याभोवती कापड आवळून झालं होतं, डोक्यावर फवारा मारून झाला होता, मान खाली दाबली गेली होती. मागच्या बाकावर तिघं जण. एकोणीस-वीसची दोन पोरं आणि मांडीवर पिशवी घेतलेले एक आजोबा. पोरांनी एकच इयरफोन दोघांत वाटून घेतला होता, आणि तसं ऐकता ऐकता भांडत होती.

"'म्युझिक अँड मी'त त्याचा आवाज फुटतोय रे. सरळ कळतं."

"म्हणून तर तो भारी आहे. 'गॉट टू बी देअर'मध्ये नुसता गोडवा."

"कुणाचा आवाज फुटतोय?" सलूनवाल्याने विचारलं. त्याला सगळ्या गोष्टींत रस असतो, हातातलं डोकं सोडून.

"मायकल जॅक्सनचा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण 'मायकल जॅक्सन' म्हटलं की माझ्यातलं काहीतरी उठून उभं राहतं. दहावीत गणपतीच्या मांडवात मी मूनवॉक केला होता. मागे मागे सरकत थेट ढोलकीवाल्यावर जाऊन बसलो, हा भाग वेगळा. मंडळाच्या फळ्यांवर कुणीही मागे सरकून दाखवावं. तर, मी मान खालीच ठेवून, कापडाच्या आतून म्हणालो, "मी त्याचा ९६ सालापासूनचा फॅन आहे."

"ओके, काका," एक पोरगा म्हणाला. मी पंचेचाळीसचा आहे. "मग त्याचा पहिला अल्बम कुठला?"

या प्रश्नात खड्डा कुठे आहे ते मला माहीत होतं. सामान्य माणूस 'थ्रिलर' म्हणतो आणि पडतो. मी सामान्य नव्हे. मी आरशात बघून, साल-बिल लावून, शांतपणे म्हणालो, "ऑफ द वॉल. १९७९."

पोरगा हसला. चांगला हसला, उर्मट नाही. वडीलधाऱ्या माणसाचा दात पडल्यावर हसतात तसा. "तो पाचवा, काका."

कात्री थांबली. सलूनवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "मग आधीचे चार कुठे गेले?"

जणू माझ्याच खिशात होते.

पोरांनी ते चार काढून दिले. 'गॉट टू बी देअर', 'बेन', 'म्युझिक अँड मी', 'फॉरएव्हर, मायकल'. सगळे मोटाउन कंपनीचे, भावांबरोबर 'जॅक्सन फाइव्ह'मध्ये गात असतानाच एकट्याच्या नावावर काढलेले. पहिला आला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पोरांना म्हणे हे सगळं बारावीच्या सुट्टीत सापडलं. सापडलं! जसं काही बिचारं कोपऱ्यात पडून यांचीच वाट बघत होतं.

मी म्हणालो, "ते लहानपणीचं झालं. ते मोजत नाहीत."

"लहानपणीचं का नाही मोजायचं?"

याला उत्तर नव्हतं. वस्तरा कानामागे होता, असं मी स्वतःला सांगितलं.

"पण सगळ्यात भारी 'बेन'," दुसरा म्हणाला.

आजोबांनी पेपर खाली केला. "कोण बेन?"

"बेन, आजोबा. ७२ सालचं."

"छे. पंच्याऐंशीला आल्या त्या. दुसरा मजला."

"आजोबा, बेन उंदीर आहे."

सलूनमधला पंखा तेवढा फिरत राहिला.

"तोंड सांभाळून बोल," आजोबा म्हणाले. "एकटी बाई आहे. दर दिवाळीला घुगरा पाठवते. आत खवा असतो."

"नाही हो, गाण्यातला बेन."

"गाणी म्हणतेच ती. नवरात्रात. त्यात उंदीर म्हणण्यासारखं काय आहे?"

पहिल्या पोराने इयरफोन काढला. हा इंजिनिअरिंगचा असणार, कारण त्याने मुळापासून समजावायला घेतलं. "आजोबा, एक सिनेमा होता. इंग्लिश. त्यात एक आजारी मुलगा असतो, त्याला कुणी मित्र नसतो. मग एक उंदीर त्याचा मित्र होतो. त्या उंदराचं नाव बेन. सिनेमाच्या शेवटी मायकल त्याच्यासाठी गाणं म्हणतो."

"उंदरासाठी."

"हो."

"पिंजरा लावायचा सोडून."

"ते मैत्रीचं गाणं आहे, आजोबा."

आजोबांनी पेपराची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवी बाजूला ठेवली. "एकच होता का बरेच?"

"बरेच. बेन त्यांचा पुढारी. माणसं मारतात ते."

"माणसं मारतात, आणि हा गाणं म्हणतो."

"अमेरिकेत एक नंबरवर गेलं होतं ते! ऑस्करच्या समारंभात गायला तो. चौदा वर्षांचा."

"मिळालं का?"

"नाही."

"मग?" म्हणजे जगात अजून थोडी अक्कल शिल्लक आहे, असा तो 'मग' होता.

इथे हे मिटायला हवं होतं. पण आजोबा सरकून पुढे आले आणि म्हणाले, "मी मुंबई महानगरपालिकेत होतो. कीटकनाशक खातं. एकतीस वर्षं, कारकून."

पोरं गप्प झाली. मीही. सलूनवाल्याने कात्री ठेवली, मशीन उचललं, सुरू केलं आणि हवेत धरलं.

"रात्री माणसं काठी आणि बॅटरी घेऊन निघायची. गल्लीबोळांतून, बाजारांच्या मागून. एका माणसाला एका रात्री तीस उंदीर. सकाळी समोर ओळीने मांडायची आणि मी मोजायचो. एकोणतीस म्हणजे तीस नव्हेत. कितीही गयावया करू दे. साहेब म्हणायचे, ही प्लेगची गादी आहे, इथे हयगय नाही. आता प्लेग येऊन गेला १८९६ला, पण कागदावर तो रोज यायचा. एकदा एक जण घूस घेऊन आला. एवढी. म्हणाला, ही दोन धरा, वजनाला दोन भरते. मी म्हटलं, एक. तो म्हणाला, दोन. साहेबांकडे गेलं प्रकरण. फाइल झाली."

"मग एक धरली की दोन?" सलूनवाल्याने वळून विचारलं.

सलूनवाला वळला. मशीन वळलं नाही.

मला आधी थंडगार वाटलं, मग हलकं वाटलं, मग आरशात बघितलं. तो म्हणाला, "काका, थोडं वर गेलंय. पण फ्रेश दिसतंय." फ्रेश! फ्रेश काय असतं? भाजी फ्रेश असते. शिवाय घुशीचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण आजोबांना वाटलं आपला नंबर आला, आणि ते उठून शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले, गाल फुगवून.

घरी येताना माझ्या डोक्यात कल्ला नव्हता. 'काका, तो पाचवा' एवढंच होतं.

मुद्दा असा आहे की माझ्याकडे आधीचे चार कुठून येणार होते? माझ्याकडे सहावाच धड नव्हता. माझा 'थ्रिलर' म्हणजे ठाणे स्टेशनच्या बाहेर घेतलेली कॅसेट, वरच्या चित्राची झेरॉक्स, त्यात मायकलचा पांढरा सूट राखाडी झालेला. कुणाच्या तरी जुन्या टेपवर ते भरलेलं होतं आणि भरणाऱ्याने हिशेब चुकवला होता. 'बी' बाजूला 'ह्यूमन नेचर' संपतं, खर्रकन आवाज येतो आणि काकडआरती सुरू होते. त्यापुढची दोन गाणी मी तिशीत ऐकली. आजही 'ह्यूमन नेचर' संपत आलं की माझे हात आपोआप टाळीसाठी जवळ येतात. हा माझा थ्रिलर. साडेसात गाणीसुद्धा नाहीत, पण घासून घासून ऐकलेली.

आणि १९९६. मायकल मुंबईत आला. विमानतळावर सोनाली बेंद्रेने नऊवारीत स्वागत केलं, तो मातोश्रीवर गेला, १ नोव्हेंबरला अंधेरीच्या क्रीडा संकुलात त्याचा कार्यक्रम झाला. मी वडिलांना विचारलं होतं. वडील म्हणाले, "नाचतो ना तो? मग ऐकायला कशाला जायचं?" हा युक्तिवाद मला अजून खोडता आलेला नाही. त्या रात्री मी बिल्डिंगच्या गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिलो. डोंबिवली ते अंधेरी अंतर मला माहीत होतं, तरी वारं बरं असेल असं वाटत होतं. ऐकू काय आलं तर खालच्या मजल्यावरचा प्रेशर कुकर. मी त्याच्या शिट्टीला ओरडलो होतो. खोटं कशाला बोलू.

तर असा मी फॅन. आणि या पोरांना एका सुट्टीत, अंथरुणात लोळत, फुकट, अख्खा मायकल मिळतो, पहिल्या श्वासापासून. मिळू दे. माझं काही म्हणणं नाही. म्हणजे आहे. म्हणणं असं की माणसाने एखादी गोष्ट अर्धवट आवडून घ्यायची सोयच आता राहिलेली नाही. आवडतं म्हटलं की लगेच तोंडी परीक्षा. मला वरणभात आवडतो. तुरीच्या डाळीचे चार वाण सांगा, असं कुणी विचारत नाही. बायकोला लग्नाआधी किती शाळा बदलाव्या लागल्या ते मला सांगता येणार नाही, आणि हे वाक्य मी घरी मोठ्याने म्हटलं ही रविवारची दुसरी चूक.

म्हणून सोमवारी रात्री मी स्वयंपाकघरात हेडफोन लावून बसलो. चारही अल्बम, क्रमाने. बदल्याच्या भावनेने, सालं पाठ करत. गॅरी, इंडियाना. बाप पोलाद कारखान्यात क्रेन चालवणारा, तालमीत चुकलं की पट्टा काढणारा. ही गोष्ट मायकलने स्वतःच पुढे सांगितली. नंतर भाऊ कंपनी सोडून निघाले, तर 'जॅक्सन फाइव्ह' हे नावसुद्धा कंपनीने ठेवून घेतलं. आडनाव यांचं, पण आकडा कंपनीचा! म्हणून ते 'द जॅक्सन्स' झाले. पुढे 'ऑफ द वॉल' गाजल्यावर त्याच मोटाउनने १९७५च्या अल्बममधलं 'वन डे इन युवर लाइफ' फडताळातून काढून १९८१मध्ये नव्याने बाजारात आणलं, आणि ते ब्रिटनमध्ये पहिलं आलं. हे मी वहीत लिहून घेतलं. पोरांना विचारायला.

एकच गोष्ट वहीत लिहिली नाही. पहिल्या अल्बमवर त्याने बिल विदर्सचं 'एंट नो सनशाइन' गायलंय. बाई सोडून गेलेल्या माणसाचं गाणं. तेरा वर्षांचं पोर ते गातं, आणि गातं म्हणजे काय, कुणीतरी खरंच दार लावून निघून गेल्यासारखं. त्याला हे कुणी शिकवलं? मी तेरा वर्षांचा असताना मला आईने दोन तास मामाकडे ठेवलं तरी रडू यायचं, पण ते असं सुरात येत नसे. गाणं परत लावावंसं वाटेना. परत लावलं. मागे ओट्याखाली काहीतरी खुडबुडलं, ते मी बघायला गेलो नाही.

बुधवारी संध्याकाळी मी वही घेऊन सलूनमध्ये गेलो. निमित्त कल्ल्याचं. पोरं नव्हती. ती म्हणे आता दुसऱ्याच कुणाच्या तरी मागे लागली होती. कुणी जपानी बाई आहे, तिचंही सुरुवातीचंच चांगलं आहे. आजोबा मात्र होते, बाकावर, पिशवीसकट.

"काय, सापडले का चार?" ते म्हणाले.

कुणीतरी विचारलं एवढ्यावर मी वही उघडली. "पहिला जानेवारी १९७२. दुसरा, तुमचा बेन, ऑगस्ट १९७२. तिसरा एप्रिल १९७३. चौथा जानेवारी १९७५."

आजोबांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "एका वर्षात दोन. पोराचं वय?"

"तेरा. चौथ्याला सोळा."

"आणि भावांबरोबर गायचा ते?"

"ते वेगळं. ते चालूच होतं. दौरे, टीव्ही."

"शाळा?"

"शिकवायला बाई ठेवली होती. बरोबर फिरायची."

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. सलूनवाल्याने माझ्या गळ्यात कापड अडकवलं, फवारा मारला, मान खाली दाबली.

"तिथेही कुणीतरी सकाळी मोजायला बसत असेल," मागून आवाज आला. "एकोणतीस म्हणजे तीस नव्हेत म्हणत."

मला आरशात बघायचं होतं, पण मान वर घेता येत नव्हती.

"काका," सलूनवाला म्हणाला, "डावा पण वर घेऊन टाकू?"

"घे."