पारेषण दरातील खरा वादाचा आकडा

अमेरिकेतील वीज पारेषणाचा (उच्चदाब वाहिन्यांतून वीज वाहून नेण्याचा) दर म्हणजे ‘झालेला खर्च अधिक ठरावीक नफा’, असे अनेकदा म्हटले जाते. ढोबळमानाने ते बरोबर असले, तरी वाद नेमका कुठे होतो हे त्यातून कळत नाही. देखभाल, घसारा, कर आणि कर्जावरील व्याज हे आकडे हिशेबाच्या वह्यांतून मिळतात. भागधारकांच्या भांडवलावर किती परतावा न्याय्य मानायचा, हे मात्र कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ च्या ब्लूफील्ड आणि १९४४ च्या होप खटल्यांत कसोटी घालून दिली, की तेवढीच जोखीम असलेल्या इतर उद्योगांशी हा परतावा तुल्य असावा आणि त्यातून कंपनीला नवे भांडवल उभारता यावे. कसोटी उत्तम आहे, पण तिच्यातून एकच आकडा निघत नाही. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधील पारेषण कंपन्यांचा भांडवलावरील मूळ परतावा, हे दर मंजूर करणाऱ्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २०१४ मध्ये ११.१४ वरून १०.५७ टक्क्यांवर आणला, तेव्हा जुना दर अन्याय्य का आणि नवा न्याय्य का, याचे पुरेसे स्पष्टीकरण नसल्याने अपील न्यायालयाने २०१७ मध्ये तो आदेश रद्द केला. शिवाय सूत्राधारित दरपद्धतीत, म्हणजे ठरलेल्या सूत्रात खर्चाचे आकडे घालून दर काढला जातो तिथे, बाकीचे खर्च दरवर्षी अद्ययावत होतात, पण मंजूर परतावा सहसा कोणी तक्रार करेपर्यंत किंवा आयोगाने स्वतःहून चौकशी सुरू करेपर्यंत तसाच राहतो, आणि माझ्या मते ग्राहकांच्या दृष्टीने हीच या पद्धतीची सर्वांत कच्ची बाजू आहे.