व्हॉट्सॲप ‘खुलं’ झालं म्हणे!

कोल्हापुरात राजारामपुरीपासून शिरोली एमआयडीसीपर्यंत व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: “मेटाने मोठ्या मनाने व्हॉट्सॲप प्रतिस्पर्ध्यांना खुलं केलं. आता कुठल्याही ॲपवरून व्हॉट्सॲपवर मेसेज करा. एन्क्रिप्शन मात्र गेलं. चालू करायला लिंक दाबा.”

“मोठ्या मनाने”? व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा, तिचं मन कसलं, कायद्याचा बडगा आहे. युरोपियन युनियनने डिजिटल मार्केट्स ॲक्ट या बड्या टेक कंपन्यांवरच्या कायद्याखाली सप्टेंबर 2023 मध्ये मेटाला ‘गेटकीपर’, म्हणजे बाजाराचं दार अडवून बसलेली कंपनी, ठरवलं आणि व्हॉट्सॲप त्यात धरलं. लहान मेसेजिंग कंपनीने रीतसर मागणी केली की 3 महिन्यांत जोडणी द्यायची. नाही दिली तर जगभरातल्या उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड, पुन्हा तेच केलं तर 20. ॲपलचं मेसेजिंग ॲप आयमेसेज फेब्रुवारी 2024 मध्ये या बंधनातून सुटलं, आणि ते काही असं खुलं झालं नाही. गूगलच्या जुन्या चॅट ॲपचं, गूगल टॉकचंही बघा. बाजारात मागे असताना 2006 मध्ये गूगलने इतरांच्या चॅट सर्व्हरशी जोडणी दिली. 2013 मध्ये हँगआउट्स हे नवं ॲप आणलं तेव्हा त्यात ती ठेवली नाही. मेटानेही ऑक्टोबर 2025 मध्ये व्हॉट्सॲपच्या बिझनेस एपीआयवर (कंपन्यांनी आपली यंत्रणा व्हॉट्सॲपला जोडायची सोय) इतरांच्या सर्वसाधारण एआय चॅटबॉटना मनाई करणारे नियम जाहीर केलेच की!

“कुठल्याही ॲपवरून”? नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाली ती दोनच नावं, बर्डीचॅट आणि हायकेट. सिग्नल आणि थ्रीमा या मेसेजिंग ॲप्सनी आधीच नकार दिलाय. सोय युरोपातल्या व्हॉट्सॲपधारकांपुरती, तीही ज्याने स्वतः सेटिंग चालू केली त्यालाच. सुरुवात मजकूर, फोटो, व्हॉइस मेसेज, व्हिडिओ आणि फाइल यांपासून. कॉलसाठी कायद्याने 2027 पर्यंत मुदत दिलीय. म्हणजे जर्मनीतलं चपलांचं गिऱ्हाईक बर्डीचॅटवर असेल आणि तुम्ही सुभाषनगरातून व्हॉट्सॲपवर, तर मेसेज जाणार नाही. सरळ त्याचा व्हॉट्सॲप नंबर मागा, नाहीतर ईमेल करा.

“एन्क्रिप्शन गेलं”? म्हणजे मेसेज मधल्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप गेलं? गेलेलं नाही. जोडणाऱ्या कंपनीने सिग्नल प्रोटोकॉल ही एन्क्रिप्शनची पद्धत वापरायची, किंवा आपली पद्धत तितकीच पक्की असल्याचं दाखवायचं, ही मेटाची अट आहे. मात्र समोरचं ॲप त्याच्या बाजूला तुमची माहिती कशी हाताळतं, त्याची हमी व्हॉट्सॲप देत नाही. फॉरवर्डमध्ये दम असलाच तर एवढ्यापुरता.

राहिली लिंक. ही सोय ॲपच्या सेटिंगमधूनच चालू होते आणि कोल्हापूरच्या नंबरावर ती दिसणारच नाही. त्या लिंकवर सहा आकडी कोड मागितला, तर समजा कोणीतरी तुमचं खातं स्वतःच्या फोनवर उघडायला बसलंय.