पंचवीस हजार टन सोन्याचा हिशेब

सोनं भडकल्यापासून एक मजकूर नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सारखा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: भारतीय घरांमध्ये २५,००० टन सोनं आहे, अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतल्या सोन्याच्या तिप्पट. अमेरिकी माणूस गळ्यापर्यंत कर्जात, आपण मात्र अंथरूण पाहून पाय पसरणारे. शिवाय तिथे डॉलरभर मोजून जे मिळतं ते इथे वीस-बावीस रुपयांत येतं. तेव्हा खरे श्रीमंत आपणच.

यातले आकडे बरेचसे खरे आहेत, म्हणूनच तो मजकूर पटतो. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

आधी सोनं. २५,००० टन हा जागतिक सुवर्ण परिषद या सोने-उद्योगाच्या संस्थेच्या अंदाजाच्या आसपासचा आकडा आहे. तो मान्य करू. पण तुलना कशाची चाललीय? आपल्या घराघरांतलं सोनं एकीकडे आणि त्यांच्या सरकारचं दुसरीकडे. सरकारशी सरकार लावलं तर अमेरिकेकडे ८,१३३ टन आहे आणि आपल्या रिझर्व्ह बँकेकडे ९०० टनांच्या आत-बाहेर. घराशी घर लावायचं, तर २५,००० टन सुमारे तीस कोटी कुटुंबांत वाटून बघा. घरटी आठ तोळ्यांच्या आसपास येतं. तोळ्याला २०२५ च्या भावाने सव्वा लाख धरले तर दहा लाख रुपये, म्हणजे साधारण बारा हजार डॉलर. अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत तिथल्या अगदी मधल्या कुटुंबाची मालमत्ता, सगळं कर्ज वजा करून, १ लाख ९३ हजार डॉलरच्या घरात होती. मधलं कुटुंब, म्हणजे निम्मी घरं त्याच्या वर आणि निम्मी खाली. अब्जाधीशांमुळे फुगलेली सरासरी नव्हे.

आपल्याकडे सोन्याखेरीज जमीन आणि घरही असतं, हे खरंच. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या तरुण रामदोराई समितीने २०१७ मध्ये मांडलेला हिशेब असा होता: सरासरी भारतीय कुटुंबाच्या संपत्तीत ८४ टक्के जमीन, घर वगैरे, ११ टक्के सोनं आणि फक्त ५ टक्के ठेवी, विमा, पेन्शन, शेअर असं सगळं मिळून. मला या पाच टक्क्यांची काळजी जास्त वाटते. दुखणं आलं, नोकरी गेली, पेरणी वाया गेली, तर हाताशी तेवढंच. मग पाटल्या निघतात.

जूनमध्ये तालुक्याच्या बँकेत सोनेतारणाच्या खिडकीशी थोडा वेळ उभं राहा. पदराच्या गाठीतून डबी निघते. सराफ मंगळसूत्राची वाटी कसोटीच्या दगडावर घासतो, आम्लाचा थेंब टाकतो. काळे मणी, खडे, लाख यांचं वजन वजा होतं. घडणावळ हिशेबात येतच नाही. उरलेल्या सोन्याच्या किमतीतूनही काही भाग कापूनच कर्ज मंजूर होतं. बी-बियाणं, नाहीतर मुलाची फी. २०२५ मध्ये बँकांनी दागिन्यांवर दिलेलं आणि अजून फेडायचं असलेलं कर्ज २ लाख कोटी रुपयांच्या वर गेलं. त्या मजकुरातलं जे सोनं ‘आपल्या घरात’ आहे, त्यातलं काही बँकेच्या तिजोरीत दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

उलट घरात काही साठवलेलं नसणं म्हणजे गरिबीच, असंही नाही. २०१३ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेची पाहणी आली तेव्हा जर्मनीत खळबळ उडाली होती. मधल्या जर्मन कुटुंबाची मालमत्ता सुमारे ५१ हजार युरो निघाली, ग्रीक कुटुंबाची १ लाखाहून अधिक. म्हणून जर्मन ग्रीकांपेक्षा गरीब ठरले का? जर्मनीत निम्म्याहून अधिक घरं भाड्याने राहतात, भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे, म्हातारपणी पेन्शन येते, आजारपण विम्यात निघतं. ही मालमत्तेच्या हिशेबात न दिसणारी मिळकतच आहे. आपल्याकडे ती नाही म्हणून आपण सोनं घेतो. त्याला ऐट समजणं म्हणजे आपल्याच आयाबायांच्या भीतीला वैभव म्हणणं आहे.

कर्जाचा मुद्दा थोडक्यात. अमेरिकी कुटुंबांवर १८ लाख कोटी डॉलरचं कर्ज आहे, पण त्यांची निव्वळ मालमत्ता १६० लाख कोटींहून जास्त. कर्जातला दोन तृतीयांशाहून मोठा भाग घरांवरचा, बहुतेक तीस वर्षं न बदलणाऱ्या व्याजदराचा. विद्यार्थी कर्ज आणि दवाखान्याची बिलं तिथे माणसाला खरोखर पिळून काढतात, त्याबद्दल वाद नाही. पण आपण कर्जमुक्त आहोत हे कोणी सांगितलं? २०१९ च्या सरकारी पाहणीत ३५ टक्के ग्रामीण कुटुंबं कर्जात होती आणि त्या कर्जाचा तिसरा हिस्सा सावकार, नातेवाईक अशा बँकेबाहेरच्यांचा होता.

राहता राहिली स्वस्ताई. क्रयशक्तीच्या, म्हणजे पैशात कुठे किती वस्तू येतात याच्या हिशेबात डॉलरला वीस-बावीस रुपये लावतात, बरोबर. पण तो लावूनसुद्धा २०२४ चं दरडोई उत्पन्न आपलं सुमारे ११ हजार डॉलर आणि अमेरिकेचं ८५ हजारांच्या वर. स्वस्ताई आधीच मोजलेली आहे, ती पुन्हा जमेला धरता येत नाही. आणि स्वस्त काय आहे तेही बघा. फोन नाही: आयफोन १६ तिथे ७९९ डॉलरला आला, इथे ७९,९०० रुपयांना. पेट्रोलही नाही: मुंबईत लिटरला शंभराच्या वर असताना तिकडे सरासरी सत्तर-पंचाहत्तर रुपये पडत होते. स्वस्त आहे ते केस कापणं, धुणंभांडी, इस्त्री, रिक्षा. म्हणजे माणसाचा वेळ. इस्त्रीवाल्याला कपड्यामागे आपण जे देतो त्यावर त्याचं घर चालतं, आणि त्याला फोन, पेट्रोल, गोळ्या-औषधं आपल्याच भावाने घ्यावी लागतात. २०२३-२४ च्या पाहणीत गावातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला, त्यातले ४७ टक्के खाण्यावर. अमेरिकेत खाण्यावर साधारण १३ टक्के जातात. घरटी आठ तोळ्यांच्या सरासरीत हा इस्त्रीवालाही धरलेला आहे.